तरफा

रामिनने रजईत गुंडाळलेला रबाब उस्ताद नूर आगांच्या पुढ्यात ठेवला आणि तो मागे सरकला.

"हा तुमचा तुम्ही ठेवा, उस्ताद. मी उद्यापासून येणार नाही."

तळघराच्या पायरीवर खाला, म्हणजे उस्तादांची बायको, वाळलेली तुती निवडत बसली होती. तिने मान वर केली. "बाजारातली शेळी परत आणावी तसा आणलायस की रे. दूध देत नाही का?"

रामिन हसला नाही.

उस्तादांनी रजई सोडली. लाकूड धड होतं, कातडं ताणलेलं होतं, एकही तार तुटली नव्हती. काबूलच्या या गल्लीतले त्यांचे बाकीचे शागीर्द पेशावरला निघून गेले होते. शिकायला येणारा हा एवढाच उरला होता.

"काय बिघडलंय?"

"हा त्यांच्या बाजूचा आहे."

"कुणाच्या?"

"डोंगरावरच्यांच्या. ते तिकडून रॉकेट टाकतात आणि हा आमच्या घरात बसून हो म्हणतो." मुलाने रबाबाकडे बोट रोखलं. "परवा तांबटाचं घर पडलं, तेव्हाही वाजला. कुणी हात लावला नव्हता. आम्ही सगळे गप्प झालो, तरी हा वाजतच होता."

उस्तादांनी मुख्य तारांखालच्या बारीक तारांवरून अंगठा फिरवला. "या तरफा. यांना कुणी छेडत नाही. बाहेर जो सूर उठेल, त्या सुराची तार आपोआप हलते. धमाक्यात सगळेच सूर असतात, म्हणून सगळ्या वाजतात. त्यांना बाजू कळत नाही, बेटा."

"मग त्यांना बंद करा."

खाला काही बोलणार होती. उस्तादांनी तिला हातानेच थांबवलं. मग रबाब मांडीवर घेऊन ते तरफांची एकेक खुंटी सैल करत गेले. तारा कातड्यावर लोळल्या.

थोड्या वेळाने दूर कुठेतरी रॉकेट पडलं. छतातली माती रबाबावर सांडली. रामिनने कान लावला. काहीच नाही. त्याचे खांदे खाली आले.

"आता कालचा धडा वाजव," उस्ताद म्हणाले.

रामिनने तारा छेडायचा लाकडी जवा धरला. बोटं बरोबर पडत होती, पण सूर पडला तिथेच संपत होता. खोक्यावर काडी मारावी तसा. त्याने पुन्हा वाजवलं, सावकाश. जवा उलटा करून पाहिला.

"हा रबाब माझा नाही. तुम्ही बदललात का?"

"तोच आहे. तू सांगितलंस म्हणून बहिरा केला."

"बहिऱ्याशी संसार होतो," तुतीतला खडा फेकत खाला म्हणाली. "मी करतेच आहे की. पण तासभर बोलून बघ त्याच्याशी, मग कळेल."

उस्तादांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

रामिन बराच वेळ लोळलेल्या तारांकडे पाहत राहिला. मग त्याने पहिल्या तरफेची खुंटी चिमटीत धरली.

"ही कुठल्या सुरावर लावू?"

तरफा आजवर उस्तादच लावून देत. आताही त्यांचा हात पुढे आला होता, तो त्यांनी मागे घेतला. त्यांनी गळ्यातून हलकेच सा लावून धरला. रामिन खुंटी पिळत गेला. "चढली. उतरव. अजून थोडी." तार लागली. मग दुसरी. मुलाच्या कपाळावर घाम आला.

तिसऱ्या खुंटीला हात घातला आणि रॉकेट पडलं. या वेळी जवळ. खालाने ओढणीने तुती झाकली. दिव्याची काच थरथरली आणि ती थांबल्यावरही, सगळ्या सैल तारांमधून त्या दोनच तारा बारीक वाजत राहिल्या.

रामिनने हात उचलला. तो मारणार, असं उस्तादांना वाटलं.

त्याने तळवा तारांवर ठेवला, करडाच्या पाठीवर ठेवतात तसा.

"पुरे," तो खालाला नाही, उस्तादांना नाही, रबाबालाच म्हणाला. "ऐकलं आपण."

मग हात काढून त्याने कान लावला, आणि तिसरी खुंटी पिळायला घेतली.