बोलली का?

शनिवारी सकाळी बालकल्याण ऑफिसातल्या बाईंचा दर आठवड्याचा फोन आला, तेव्हा आईचे दोन्ही हात पिठात होते. तिनं कोपरानंच स्पीकर लावला.

"बोलली का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो अजून. पण जेवते छान."

"बोलली की लगेच कळवा. मी येतेच."

टेबलापाशी बसलेल्या मुलीनं मटाराची शेंग मोडली आणि दाणे वाटीत पाडले. तोंडातून चकार शब्द नाही.

सहा वर्षांची ती पोर या घरी येऊन नऊ आठवडे झाले होते. त्याआधी ती दोन घरी राहिली होती. एका घरातून उचलून दुसऱ्या घरी पोचवायला दरवेळी याच बाई यायच्या. पावलांचा आवाज न करता चालते म्हणून इथं सगळे तिला मनी म्हणायचे. आई-बाबांच्या चार वर्षांच्या मुलाचं टोपणनाव भोंगा. तो झोपेतही बडबडायचा.

"मनीच्या वाटणीचंही हाच बोलतो," बाबा म्हणायचा. तो सुतार होता. मागच्या अंगणात त्याचं काम चालायचं.

आईला मात्र हसू येत नसे. मनीच्या कागदांवर स्वच्छ लिहिलं होतं, 'मुलगी फार बोलकी आहे.'

"म्हणजे आपल्याच घरात हिची वाचा बसली," ती एकदा नवऱ्याला म्हणाली. "आपलं काय चुकतंय रे?"

"नवं दारसुद्धा चौकटीत बसायला वेळ घेतं. बसेल."

"बसेल काय! तोवर अर्ज तसाच पडून राहणार."

मनीला कायमचं ठेवून घ्यायचा अर्ज दोघांनी केव्हाच भरला होता. घर बघून झालं होतं, शेजाऱ्यांना विचारून झालं होतं. राहिली होती एकच गोष्ट. "मुलीच्या मनात काय आहे ते मला तिच्या तोंडून ऐकावं लागतं," बाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "तुमच्या तोंडून नाही."

मग आईनं कंबर कसली. ती बस चालवायची. पहाटेची पाळी संपवून दुपारी घरी आली की थेट स्वयंपाकघरात. तिनं झणझणीत सूप केलं, म्हटलं निदान 'पाणी' तरी म्हणेल. मनीनं डोळे पुसत पुसत वाटी चाटूनपुसून साफ केली. मग आईनं मुद्दाम भातात मीठच घातलं नाही. बाबानं तोंड वाकडं केलं, भोंग्यानं बोंब ठोकली. मनीनं ताट पुढं करून आणखी भात घेतला.

शेवटी आईनं लालूच दाखवली. "मनी, तू एक शब्द बोल, मी तीन थरांचा केक करते!"

मनीचा चेहरा पडला. ती उठली, स्वतःचं ताट घासलं, मग सगळ्यांची ताटं घासली. नंतर कुणी न सांगता केर काढला. आपण जरा जास्तच मागे लागलो, असं आईला वाटलं. तिनं तिच्या हातातून झाडू काढून घेतला, तर मनी फडकं आणायला गेली.

एकदा दुपारी न्हाणीघरातून गुणगुणणं ऐकू आलं. आईनं दारावर हलकेच टकटक केली. लगेच नळ मोठा सुटला.

तर त्या शनिवारी कणीक मळून झाली. शेगडीवर दांड्याच्या पातेल्यात बटाट्याचं सूप रटरटत होतं. आई फळीवरून वाट्या काढायला वळली. तेवढ्यात भोंगा स्टूल ओढून वर चढला आणि पातेल्याच्या दांड्याला हात घातला.

"भोंग्या, हात काढ! भाजशील!"

आवाज घोगरा होता, पण खणखणीत. भोंगा दचकला, दांडा सोडून धपकन स्टुलावर बसला. पातेलं डुगडुगलं आणि स्थिर झालं. आईनं झडप घालून गॅस बंद केला.

रंधा हातात तसाच घेऊन बाबा धावत आला. "कोण ओरडलं?"

"मनी!" भोंगा रडता रडता ऐटीत म्हणाला. "मनी मला ओरडली!"

आईनं मनीला उचलून छातीशी धरलं. मनीचे गाल पिठानं माखले तरी आईला सोडवेना. "बोललीस गं माझी बाय! भोंग्याला वाचवलंस!" ती हसत होती, रडत होती, बाबाला चिमटे काढत होती. मनी लाकडासारखी ताठ होती, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

तिनं तशाच हातांनी फोन लावला.

"बाई, बोलली! अख्खं वाक्य बोलली!"

"काय सांगता! मग निघालेच मी. तासाभरात पोचते."

"या, या! आम्ही वाटच बघतोय!"

आई वळली, तर मनी तिथं नव्हती. खोलीत नव्हती, अंगणात नव्हती. फोन हातात तसाच धरून आई पुढच्या दाराशी धावली.

मनी उंबऱ्यावर बसली होती. कपडे कोंबलेली पिशवी शेजारी होती आणि ती बुटांच्या नाड्या बांधत होती.

"अगं, कुठं निघालीस?" आई तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली. हातातल्या फोनमधून बाई "हॅलो? हॅलो?" करत होत्या.

मनीनं मान वर केली नाही.

"चुकून बोलले मी," ती म्हणाली. "आता कधीच नाही बोलणार. त्या बाईंना येऊ नका म्हणून सांगा ना. मला इथंच राहायचंय."