कडेवरचा फरक

लहान मुलांच्या आई-वडिलांचा ताण मोजणारी आमची प्रश्नावली भरवशाची आहे का, हे तपासायला एकाच आईकडून ती दोनदा भरून घेतली. आधी तिच्या घरी, मग आमच्या ऑफिसात. घरी ताण अव्वाच्या सव्वा, ऑफिसात औषधालाही नाही!

“ताई, यातलं खरं काय धरू?” मी वैतागून विचारलं. तिचं बाळ माझ्या कडेवर होतं. खांद्यावर दूध ओकून झालं होतं, आता चष्मा ओढणं चाललं होतं.

“दोन्ही खरं,” पेनाला सावकाश टोपण लावत ती म्हणाली. “इथं याला तुम्ही घेता ना.”

मग तिनं हात पुढे केले. मी सुटकेचा श्वास सोडून बाळ तिच्याकडे द्यायला गेले.

“बाळ नको हो. आणखी एखादी प्रश्नावली असेल तर द्या.”