औषध लावलेली ज्वारी

सकाळी सात वाजता केराबाईच्या जात्यातून गुलाबी पीठ पडत होतं. ग्रामसेविका इंदुमतीबाई दारातच थबकल्या. १९७३ सालचा सप्टेंबर. होटगीजवळच्या त्या गावात आदल्या दुपारी त्यांनी बायकांच्या वर्गात पेरणीचं बियाणं वाटलं होतं आणि मग अशक्त माणसाला काय खायला घालावं, तेही शिकवलं होतं.

"केराबाई, बियाणं दळताय?"

"तुमीच म्हनला की, औषध लावल्याली ज्वारी हाय. पोरगी लई रोडावलीया. म्हनलं, भाकरीतनं जाईल पोटात."

"अहो, विष आहे ते! कीड मारायचं."

केराबाईचा हात खुंट्यावरच थांबला. "मग बाई, विषाला औषध कशाला म्हनायचं?"

इंदुमतीबाईंनी आधी ते पीठ ताब्यात घेतलं. बाई घरोघर पळाल्या. बाकीच्या सगळ्या पिशव्या तशाच्या तशा मिळाल्या. दगडाबाईच्या दाराला मात्र कुलूप होतं.

"ती गेली की पहाटंच्या गाडीनं केमला," शेजारीण म्हणाली. "लेक बाळंतीण हाय न्हवं? पिशवी संगं नेलीया."

होटगीच्या स्टेशनमास्तरांनी केमला फोन लावला. तिथून एक माणूस सायकलीवरून त्या लेकीच्या वस्तीकडे निघाला, एवढंच संध्याकाळपर्यंत कळलं होतं.