काळं झाड

नाहीबाईंनी कपारीच्या भिंतीवरून भिंग काढलं, डोळे चोळले आणि मागे उभ्या असलेल्या बायकांकडे न बघताच म्हणाल्या, “हे कुणी काढलेलं चित्र नाही.”

हे ‘नाही’ नोकरीभर इतक्या वेळा म्हणून झालं होतं, की पुरातत्त्वाच्या ऑफिसात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाकच मारत नसे. कुणाला ओढ्यात डायनासोरचं अंडं सापडे, कुणाला खडकावर राक्षसाचं पाऊल दिसे. बाई तंगडतोड करत जायच्या, बघायच्या आणि नाही म्हणून परत यायच्या. गुडघे संपत आले, पण लोकांचे दगड काही संपले नाहीत.

“नीट बघा हो, मॅडम,” शिवणवाल्या मावशी म्हणाल्या. टेकडीच्या पायथ्याशी त्यांची गल्ली होती. तिथे त्या पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायच्या. खडीसाठी टेकडी फोडायचं ठरलं होतं, म्हणजे गल्लीही उठणार होती. वर कपारीत जुन्या माणसांनी काढलेलं चित्र निघालं, तर मात्र टेकडीला कुणी हात लावू शकत नाही, असं मावशींच्या कानावर आलं होतं. आणि ते खरंही होतं. “एवढं खोड, एवढ्या फांद्या, बारीक पानंसुद्धा. असं झाड आपोआप उगवतं होय दगडावर?”

“उगवतं ना. दगडाला चीर असते, चिरेतून पाणी झिरपतं. पाणी निघून जातं, त्यातला काळा क्षार मागे राहतो आणि असा फांद्या फुटल्यासारखा पसरतो.” बाईंनी खालचा एक निखळलेला तुकडा उचलला आणि हातोडीने टचकन फोडला. आतल्या बाजूलाही तसंच काळं झाड होतं, बोटभर. “आता तुम्हीच सांगा, दगडाच्या पोटात शिरून चित्र कोण काढणार?”

“आमच्याकडचे रंगारी बाहेरची भिंत धड रंगवत नाहीत, आतून कुठली रंगवायला!” मावशींचे दीर म्हणाले. एरवी त्यांच्या बोलण्यावर बायका खो खो हसत. आज कुणी हसलं नाही.

“म्हणजे सोमवारी खडीवाल्यांचं मशीन येणार,” मावशी म्हणाल्या. “आणि माझं मशीन मी कुठे घेऊन जाऊ?”

बाईंना वाईट वाटलं. दर वेळी वाटायचं. पण वाईट वाटलं म्हणून डागाचं चित्र होत नाही. “दिसतं तसं नसतं, मावशी,” एवढंच त्या म्हणाल्या आणि मट्‌कन खालीच बसल्या. गुडघा ठणकत होता. घरी जावं, पाय कोमट पाण्यात सोडावेत, फोन बंद करून टाकावा. त्यांनी मान मागे टेकली.

वर, पुढे आलेल्या खडकाच्या आडोशाला, तांबडं काहीतरी होतं.

गंज असेल, त्यांनी सवयीने मनात म्हटलं. तरी उठल्या. टाचा उंचावून भिंग धरलं. पाण्याने पडलेला डाग खाली ओघळतो. ही रेघ वर चढली होती. सुरुवातीला जाड, मग निमुळती, टोकाशी बोट उचलल्याची खूण. गेरूने काढलेले दोन मागचे पाय, गरगरीत पुठ्ठा आणि उधळलेलं शेपूट. पुढे जनावर नव्हतंच. पुढे नुसता पांढराफटक, खरवडलेला खडक होता. मघापासून आपण फक्त बायकांनी बोट दाखवलेल्या झाडाकडे बघत होतो, हे बाईंच्या लक्षात आलं.

“मावशी, या भिंतीवर झाडाशिवाय आणखी काय होतं?”

“काही नाही हो. तांबडे डाग होते, इथून पार तिकडपर्यंत. त्यात आपलं झाड उठून दिसेना. म्हटलं, एवढ्या मोठ्या मॅडम येणार, त्यांना काय अशी कळकट भिंत दाखवायची? काल सगळ्या जणी कामाला लागलो. संडासाचं ॲसिड आणि तारेचा ब्रश. हातांची सालटी निघाली, पण लख्ख केली की नाही?”

“सगळीकडे होते डाग?”

“सगळीकडे. ओळीने.”

इतक्या वर्षांनी बाईंच्या जिभेवर ‘हो’ आला होता आणि तो तिथेच अडकून बसला. त्या नुसत्या वर बघत राहिल्या.

मावशींनी त्यांच्या नजरेमागोमाग पाहिलं आणि त्या ओशाळल्या.

“अगंबाई, तेवढं राहिलंच की! हात पोचला नाही कुणाचा. हत्ती गेला नि शेपूट राहिलं.” त्यांनी मनगटाने डोळे पुसले आणि दिराकडे वळल्या. “भावजी, पळा, स्टूल आणा. तेवढंही काढून टाकते, मॅडम. मग एकदा नीट बघा.”