भट्टीसारखी खोली

"मुलाच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळाला हो," काकू दुकानदाराला म्हणाल्या. "तो ओव्हरक्लॉक करून मशीन नुसतं पळवायचा, आणि खोलीची व्हायची भट्टी."

"मग हा साडेआठशे वॅटचा न्या. कितीही उकडलं तरी दम सोडणार नाही. शिवाय आवाज अजिबात नाही. लोड वाढल्याशिवाय पंखा फिरतच नाही!"

काकूंनी खोका हळूच परत सरकवला. "आवाज करणारा नाही का?"

दुकानदार हसला. "लोक आवाजाला वैतागून इथे येतात, काकू. मुलाला विचारा तरी एकदा."

"त्याला कशाला? तो परगावी नोकरीला लागून वर्ष झालं. संध्याकाळी मशीन मीच चालू करते. भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली, की स्वयंपाकघरातून हाक मारता येते, 'पुरे आता, जेवायला ये!'"