गणिताचा बोकड

"एक्याण्णव!" दत्तराव सर मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच ओरडले. "कासाबाई, तुमच्या नातीला गणितात एक्याण्णव!"

कासाबाईच्या हातातला पाल्याचा भारा खाली पडला. शेळ्या त्यावर तुटून पडल्या, तर पडू देत. तिनं आधी मरीआईच्या लिंबाकडं हात जोडले आणि मग सरांच्या मोबाइलात डोकावली. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, पण माणसाचं तोंड वाचता येत होतं. सर थट्टा करत नव्हते. म्हातारीचा जीव भांड्यात पडला.

आत खाटेवर तिचा लेक रामहरी सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंबही न घेता बसला होता. बोलून बसला होता ना! "दहावीचं गणित तिसऱ्या खेपेलाबी न्हाई सुटलं तर दप्तर माळ्यावर. लोकं हसायलेत." आणि रामहरी एकदा बोलला की बोलला. आता तोच दारात येऊन गमज्यानं डोळे पुसत होता आणि डोळ्यात कचरा गेला म्हणत होता. जाऊ दे, गेला असेल कचरा.

खरा घोर कासाबाईला होता. परभणीला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा एका नर्सबाईनं तिला हात धरून चालवलं होतं, 'आजी, सावकाश' म्हणत. तेव्हापासून तिनं मनाशी धरलं होतं, आपली शिवकन्या असलीच पांढऱ्या कपड्यातली बाई व्हायची. आणि मधेच हे मेलं गणित आडवं पडलं.

"मला एक कळंना," सर ओट्यावर टेकत म्हणाले. "वर्गात अडलेल्या पोरांना शिवकन्याच गणितं समजावून सांगायची. आणि परीक्षेत पहिल्या खेपेला एकोणतीस, पुरवणीला एकतीस. पस्तीस काय पडंनात! अर्धा पेपर कोरा सोडायची. आन् आता एकदम एक्याण्णव? पोरीला चारलं काय तुमी?"

"चारलं काय न्हाई सर. नवस बदलला," कासाबाई म्हणाली.

तिला हे कुणीतरी विचारायलाच हवं होतं. पदर खोचून ती सांगायला बसली.

पहिल्या परीक्षेच्या आधी तिनं मरीआईला बोकड बोलला होता. पोरगी गणितात पास होऊ दे, चांद्या तुला देते. चांद्या तेव्हा एवढंसं पिल्लू होतं, कपाळावर पांढरा ठिपका. त्याची माय व्यातानाच मेली. शिवकन्येनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. ते तिच्या मागं मागं शाळेच्या फाटकापर्यंत जायचं. जनावरांच्या डॉक्टरनं सुई टोचली तरी शिवकन्येचा हात मानेवर असला की चांद्या जागचा हलायचा नाही. नवस झाला तेव्हा पोरगी काही बोलली नाही. मोठ्या माणसांपुढं ती कधी बोलायचीच नाही.

"बोकड बोलूनबी पोरगी दोनदा नापास झाली," कासाबाई म्हणाली. "म्हटलं, देवीच्या मनात हाय तरी काय? दिवाळी झाल्यावर चांद्याला लिंबाखाली घेऊन गेले. तुमाला ठाव हाय ना सर? बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं की देवीला मान्य. मी तांब्या रिकामा केला. शिवकन्या दावं धरून, मानेवर हात ठेवून उभी. चांद्यानं कान हलवला न्हाई! मग मी वळखलं, देवीला बोकड नकोच हाय. हात जोडले, म्हटलं, माय, चुकलं माझं. पाच नारळ देते. आन् बघा सर, नारळ बोलले की पोरीला गणित आलं!"

सर गणिताचे होते. त्यांनी डोकं खाजवलं आणि चहा मागितला.

शिवकन्या तेवढ्यात शेळ्यांच्या वाड्याकडून आली. कडेवर काळं करडू, मागं चांद्या. चांगला थोराड झाला होता गडी. देवीनं नाकारलेल्या बोकडाला आता कोण हात लावतो? खाऊन माजला होता. निकाल ऐकून पोरगी हसली, सरांच्या पाया पडली, बापाच्या पाया पडली. पण गंमत अशी, की एक्याण्णव ऐकून तिला नवल काहीच वाटलं नाही.

कासाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तिला काय करू आणि काय नको असं झालं होतं.

"आता बारावीलाबी गणित घे," ती म्हणाली. "एवढे मार्क देणाऱ्या देवीला नुसत्या नारळावर बोळवायचं बरं दिसत न्हाई. बारावीला मोठा नवस बोलू. चांद्या न्हाई चालला, ते काळं करडू चालंल. दोन वर्षांत चांगला बोकड हुतो त्याचा."

शिवकन्येनं करडू छातीशी घट्ट धरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोठ्या माणसांपुढं बोलली.

"नारळच बोल, आज्जे. बोकड बोललीस की मला गणित येत न्हाई."