वरच्या मजल्यावरची मंडई

नव्या मंडईत मल्लव्वाला वरच्या मजल्यावर ओटा मिळाला, डोक्यावर पंखा मिळाला. गिऱ्हाईक तेवढं मिळेना. पंधरा दिवस मेथी सुकवून ती वैतागली आणि खाली रस्त्यावर, आपल्या जुन्या जागी येऊन बसली.

मंडई आखणारे साहेब स्कूटरवरून आले ते खेकसतच.

“मावशी, एवढी मंडई बांधली ती कुणासाठी?”

“वर कोण चढतंय, सायेब?”

“चढतील! उद्या इथं दिसलात तर पाटी उचलून नेईन.”

मल्लव्वा भाजी पाटीत भरायला लागली.

“अहो, थांबा.” साहेबांनी स्कूटर चालू ठेवूनच पिशवी पुढं केली. “मेथीच्या दोन पेंड्या टाका यात. उतरायला वेळ नाही.”

मल्लव्वानं पाटी डोक्यावर घेतली.

“वर या की, सायेब. पंखा हाय तितं.”